राजीनाम्याचा सराव

"मला कोण काय शिकवणार? मीच त्यांना चार गोष्टी शिकवून येतो!" असं बायकोला ठणकावून उपकुलसचिव साहेब विद्यापीठाच्या अधिकारी प्रशिक्षणाला गेले. सव्वीस वर्षं फायली उपसलेला माणूस तो!

प्रशिक्षक बाई त्यांच्या मुलीच्या वयाच्या. म्हणाल्या, "ज्या पत्राची सगळ्यात जास्त धास्ती वाटते, ते आज लिहून टाका. मन हलकं होतं."

साहेबांनी राजीनामा लिहिला. आणि काय लिहिला! हुकलेल्या बढत्या, टेबलावर ठिबकणारं छत, कुलगुरूंचे टोमणे, सगळं ओतलं. सवयीनं वर तारीख टाकली, खाली झोकदार सही ठोकली. मन खरंच पिसासारखं झालं!

जेवणाच्या सुट्टीत ते आपल्या ऑफिसच्या खोलीत आले, कागद टेबलावर ठेवून जेवायला गेले. परत येतात तो टेबल साफ!

"इथला कागद कुठाय?"

"पाठवला की वर," हेडक्लार्क बाई म्हणाल्या. "सही दिसली, शिक्का मारला. कागद तुंबवू नका म्हणून तुम्हीच ओरडता ना!"

"अहो बाई, तो सराव होता!"

साहेब धावत सुटले. आस्थापना विभागात कळलं, 'आत्ताच पुढे गेला.' वित्त विभागानं शेरा मारला होता, 'हरकत नाही.' छतदुरुस्तीची फाईल नऊ वर्षं तळमजल्यावर लोळत होती, आणि हा कागद तासाभरात तीन मजले चढला! साहेबांना धाप लागली ती जिन्यानं नाही. एवढ्या टेबलांवरून कागद गेला, पण 'का हो, काय झालं?' असं एकानंही विचारलं नव्हतं.

कुलगुरू चष्मा पुसत होते. "या, या! फार मनापासून लिहिलंत. मंजूर केला."

"सर, ते प्रशिक्षण होतं!"

"अस्सं? मग प्रशिक्षण उत्तम झालं म्हणायचं!"

"सर, मला तो मागे घ्यायचाय..."

"घ्या की. रीतसर अर्ज करा."

साहेबांनी अर्ज खरडला आणि हेडक्लार्क बाईंपुढे धरला. बाईंनी तो दोनदा वाचला, मग हळूच परत सरकवला.

"हा पुढे जाणार नाही, साहेब."

"का?"

"यावर उपकुलसचिवांची शिफारस लागते. आणि ते पद दुपारपासून रिकामं आहे!"