घडी मोडणाऱ्या नलूमावशी

नलूमावशींना मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये. अंगात पुरुषाचा नेव्ही ब्ल्यू सूटचा कोट, बाह्या दोनदा दुमडलेल्या, खाली फ्लॅनेलचा विटका पायजमा, पायात बर्फातले बूट आणि हातात कचऱ्याची पिशवी. बाई ऑफिसला निघाल्यात की झोपायला, काही पत्ता लागेना. मी कॅनडात, एडमंटनमध्ये नवीन होते. इथल्या थंडीत माणसं हाताला लागेल ते चढवत असतील, अशी मी समजूत करून घेतली.

"हा माझा नाही," मी न विचारताच त्या म्हणाल्या. "नवव्या मजल्यावरच्या अमेयचा. उद्या इंटरव्ह्यू आहे त्याचा. घडी मोडतेय."

नवी साडी आधी बहिणीला नाहीतर जावेला घडी मोडायला द्यायची, तिने नेसली की मग आपण नेसायची, हे आपल्याकडे घरोघरी चालत आलेलं. मावशींनी ते साडीवरून उचललं आणि सूट, टाय, ब्लेझर, कशालाही लावलं. त्यांनी घडी मोडलेला कपडा घालून गेलं की काम होणारच, असा त्यांचा दावा. बरं, बाई अडाणी असती तर गोष्ट वेगळी. ही युनिव्हर्सिटीत जन्मभर स्टॅटिस्टिक्स शिकवून रिटायर झालेली. असल्या गोष्टींवर तुमचा विश्वास कसा, असं कुणी विचारलं की चष्मा कपाळावर ढकलून म्हणायच्या, "विश्वास नाही गं, डेटा आहे."

हा डेटा कसा जमायचा तेही सांगते. ज्यांना नोकरी लागायची ते पेढे घेऊन यायचे. ज्यांना नाही लागायची ते मावशींना चुकवून जिन्याने जायचे. त्यामुळे मावशींचा रिझल्ट कायम शंभर टक्के. ही गोम मी एकदा त्यांच्या कानावर घातली, तर दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

घडी मोडण्याचे नियम कडक. नुसतं घरात घालून आरशात बघायचं नाही. कपड्याने दिवसभर जग बघितलं पाहिजे, तरच तो माणसाला धीर देतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणून मावशी कुणाच्या तरी कडक इस्त्रीच्या कोटात ग्रोसरीला जायच्या आणि खाली स्वतःचा तोच पायजमा. इमारतीचा केअरटेकर डॅरिल याने मुलीच्या लग्नासाठी घेतलेला रेशमी टाय त्यांनी स्वेटशर्टवर बांधला आणि डेंटिस्टकडे जाऊन दाढ काढून आल्या. एका पोराने पदवीदानाचा, म्हणजे कॉन्व्होकेशनचा गाऊन आणला, तो मात्र परत पाठवला. भाड्याचा होता. ज्याची घडी आधीच गावाने मोडलीय तिथे माझं काय काम, असं त्याला ऐकवलं.

माझी नोकरी गेली आणि मीही नवा ब्लेझर घेऊन त्यांच्या दारात उभी राहिले. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात ते खोटं नाही. मावशी तो घालून दिवसभर हिंडल्या, आणि मला नोकरी मिळाली नाही. मी जिन्याने जाऊ लागले, तर बाई जिन्यात येऊन बसल्या. "एखादा आउटलायर असतोच, बाकीच्या आकड्यांत न बसणारा. आण इकडे." पुन्हा घातला, बँकेत आणि लायब्ररीत फिरवला. पुढच्या इंटरव्ह्यूला मला नोकरी लागली. श्रेय कुणाचं, या वादात मी पडले नाही. पेढे नेऊन दिले.

त्यानंतर आमचं येणंजाणं वाढलं. यंदा मार्चमध्ये त्यांच्या नातीचं, सईचं, टोरांटोजवळ वॉनला लग्न ठरलं. मी बॅग भरायला मदत करायला गेले. बॅगेत सगळं जुनं, धुऊन धुऊन मऊ पडलेलं. आणि पलंगावर नवी कोरी मोरपिशी पैठणी, अजून कव्हरमध्ये. सईने आजीसाठी खास पाठवलेली, लग्नात हीच नेसायची अशी ताकीद देऊन. मी ती बॅगेत ठेवायला गेले, तर मावशींनी माझ्या हातातून काढून घेतली.

"ती राहू दे. तिची घडी मोडायला कुमुद नाही."

कुमुद त्यांची धाकटी बहीण, कॅलगरीला असायची. मावशींची प्रत्येक नवी गोष्ट, अगदी कॉन्व्होकेशनला घातलेल्या बुटांपर्यंत, आधी कुमुदने घालायची. ती गेली, त्यानंतर मावशींनी स्वतःसाठी नवं काही अंगाला लावलंच नव्हतं. इतकी वर्षं आम्ही त्यांच्या त्या अर्ध्या साहेबी, अर्ध्या गबाळ्या अवताराला हसत होतो. नवं ते दुसऱ्यांचं आणि जुनं ते त्यांचं, एवढी साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. मला फार वाईट वाटलं.

"मी मोडते घडी," मी म्हटलं.

"तू केवढीशी आहेस."

"कुमुदमावशीही धाकटीच होती ना?"

त्या बराच वेळ पैठणीच्या काठावरून बोट फिरवत बसल्या. मग म्हणाल्या, "नियम माहितीयेत ना? दिवसभर. आणि बाहेर."

शनिवारी मी आत थर्मल, वर स्वेटर, त्यावर पैठणी आणि खाली बूट अशी बाहेर पडले. रस्त्यावर बर्फ वितळून नुसता राडा झालेला. मावशी सोबत आल्या, निऱ्या चिखलात जाऊ नयेत म्हणून वाकून वाकून वर धरत. त्यांच्या अंगावर त्या दिवशी दुसऱ्या कुणाचं काही नव्हतं, सगळं स्वतःचं. आम्ही मॉल केला, कॉफी प्यायलो, दोन दुकानांत उगीच भाव विचारून आलो. एलआरटीच्या, म्हणजे इथल्या लोकलच्या डब्यात समोरच्या गोऱ्या आजींनी माझी साडी डोळे भरून बघितली आणि फारच सुंदर आहे म्हणाल्या.

मी थँक यू म्हणायच्या आत मावशी पुढे सरकल्या. "इट्स माइन," त्या म्हणाल्या. "माय सिस्टर इज ब्रेकिंग इट इन फॉर मी."

आजींनी एकदा त्यांच्या पांढऱ्या केसांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि समजल्यासारखी मान हलवली.