पिन उपटणारे कदमसाहेब

डेमो ऐन रंगात आला की आमचे कदमसाहेब उठत, टेबलाखाली वाकत आणि भिंतीतली पिन उपटत. पडदा काळा पडे, समोरचा टायवाला विक्रेता पांढरा.

"अहो साहेब, हे काय?"

"लाइट इचारून जात नसती," असं म्हणून साहेब पुन्हा खुर्चीत बसत आणि तोंडात बडीशेप टाकत.

साहेब मूळ बीडचे. चाकणच्या आमच्या ब्रेकच्या कारखान्यात संगणक विभागाचे प्रमुख. मी खरेदी विभागात. प्रत्येक ब्रेक कुठल्या मशिनवर झाला, कुणी तपासला, कुठल्या गाडीत बसला, ही तिन्ही प्लांटांची सगळी माहिती एका जागी साठवायची होती. त्यासाठी मोठा डेटाबेस निवडायचा होता. उद्या एखादा ब्रेक सदोष निघाला, तर त्याची भावंडं कुठल्या गाड्यांत आहेत हे कळायला हवं. डायरेक्टरांना तो वेगवान हवा होता. कदमसाहेबांना विसरभोळा नको होता.

खोट्या नोंदीचा त्यांना भारी तिटकारा. कुणी नऊ वाजून पाच मिनिटांनी येऊन हजेरीत नऊ लिहिले, तर साहेब स्वतः पाच मिनिटं वाढवून खाली सही करत. कॅन्टीनच्या फळ्यावर 'गरम पोहे' दिसलं की आधी पोह्यांना हात लावून बघत आणि बहुतेक वेळा 'गरम' पुसून टाकत.

तीन कंपन्या आल्या. डेमो आमच्याच मशिनवर द्यायचा होता. पिन उपटल्यावर पहिलीचा डेटाबेस पुन्हा सुरूच होईना. दुसरीकडून शेखमॅडम आल्या. चाळिशीच्या, नीटनेटक्या. त्यांचा डेटाबेस असा पळाला की डायरेक्टरांनी टाळी वाजवली. मग साहेब वाकले. मशिन परत चालू झालं, तेव्हा 'जतन झालं' म्हणून दाखवलेल्या कितीतरी नोंदी गायब होत्या.

डायरेक्टर उठून गेले. मॅडम वायर गुंडाळत होत्या.

"वेग दिसावा म्हणून आमच्या साहेबांनी एक सेटिंग बंद करायला लावलं," त्या हळूच म्हणाल्या. "मग डिस्कवर लिहून व्हायच्या आधीच डेटाबेस 'झालं' म्हणतो. पण नाव माझंच येणार."

तिसऱ्या कंपनीचा डेटाबेस रेंगाळत चालला, पण पिन उपटूनही एक नोंद हरवली नाही. तोच ठरला.

दुसऱ्या दिवशी ऑर्डरचे कागद घेऊन मी साहेबांच्या केबिनमध्ये होतो. मॅडमच्या साहेबांचा फोन आला. आवाज मलाही ऐकू येत होता. "आमच्या इंजिनिअरनंच घोळ घातला ना? स्पष्ट सांगा, अ‍ॅक्शन घ्यायचीय."

"न्हाई हो," कदमसाहेब म्हणाले. "आमच्या मशिनचीच डिस्क खराब निघाली. मॅडमची काईच चूक न्हाई."

"मग पुन्हा टेस्ट घ्या की!"

"आता ऑर्डर गेली. पण बाई हुशार हाय. जपा तिला."

फोन ठेवला. ती डिस्क मीच आणलेली, कोरी करकरीत.

"साहेब, डिस्क तर..."

"ठावं हाय मला." ते कागद सारखे करू लागले. "माझ्या पहिल्या नोकरीत पवार म्हणून एक जण हाताखाली होता. असंच इचारलं होतं वरून. मी खरं ते सांगितलं. नोकरी गेली त्याची."

त्यांनी कागद माझ्याकडे सरकवले.

"दर दिवाळीला फोन लावतो," साहेब म्हणाले. "उचलत न्हाई."