मुग्धाचा ठिपका आणि चौकातले दोन बॅनर

लातूरच्या राघवेंद्ररावांच्या पोटात गोष्ट राहत नसे. भूकंपाच्या पहाटे त्यांनी दारं बडवून अख्खी गल्ली मैदानात आणली होती. तेव्हापासून, कळलेली गोष्ट गल्लीला सांगणं हे आपलं कर्तव्यच आहे अशी त्यांची समजूत झाली होती. असल्या बापाला लेकीनं बंगळुरूहून फोनवर गुपित सांगितलं!

“पप्पा, आमची अवकाशातली दुर्बीण आकाशभर फिरून क्ष-किरण कुठून येतात ते टिपते ना? त्यात मला एक ठिपका सापडलाय. कुणाच्याच यादीत नाही!” मुग्धाचा आवाज आनंदानं कापत होता. “पण दुर्बीण पुन्हा तिकडं वळली आणि तो दिसला, तरच खरा. तोवर कुणाला बोलायचं नाही. बातमी फुटली तर शोधनिबंधातून माझं नाव काढतील.”

“येडी हायेस का? मी कुणाला सांगायलोय?”

सांगितलं ते फक्त वीरण्णा सरांना, दूध आणता आणता. सरांचा क्लास चौकातच. दुपारी तिथं दहा फुटी बॅनर झळकला : ‘आकाशातही आमचीच विद्यार्थिनी!’ ते बघून समोरच्या क्लासच्या बसलिंगप्पा सरांनी संध्याकाळी पंधरा फुटी लावला. दोन्हींवर मुग्धाचा फोटो तोच, शाळेतला, दोन वेण्यांचा.

दोन दिवसांनी मुग्धा रजेवर आली, ती चौकापासूनच तणतणत.

“मी ह्यांच्या क्लासला एक दिवस तरी गेले का?”

“फुकटची परीक्षा दिली होतीस की दोन्हीकडं,” आई सरोजिनीबाई म्हणाल्या. “बॅग मिळती म्हणून.”

राघवेंद्रराव हात जोडत दोन्ही क्लासांत जाऊन आले. “आधी समोरचा उतरू द्या,” असं दोघंही म्हणाले. रावांना रडू यायचं बाकी होतं.

शेवटी मुग्धाच गेली. दोघांनाही ती एवढंच म्हणाली, “सर, ठिपका अजून पक्का नाही. उद्या तिथं काहीच नाही निघालं, तर लोक विचारतील, पोरगी कुणाच्या क्लासची?”

अर्ध्या तासात दोन्हीकडं शिड्या लागल्या.

“आमच्याकडं नव्हतीच ती! समोरच्यांची हाय,” वीरण्णा सर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागले. समोरचेही तेच सांगत होते. संध्याकाळपर्यंत ठिपका खोटा निघाल्याचं सगळ्या चौकाला कळलं.

आणि तेवढ्यात बंगळुरूहून फोन आला. ठिपका पुन्हा दिसला होता, आधीपेक्षा लखलखीत! मुग्धानं आईला धरून गरागरा फिरवलं. मग बापावर बोट रोखलं, “छापून येईपर्यंत एक शब्द नाही!”

“न्हाई, न्हाई! शपथ!”

पण एवढा आनंद घेऊन घरात बसवेना. राघवेंद्रराव चौकात जाऊन उभे राहिले. तोंडावर रुमाल गच्च दाबला होता, हसण्यानं खांदे गदगदत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. दोन्ही सर धावत आले.

“रडू नका हो,” बसलिंगप्पा सर कळवळून म्हणाले. “पाया कच्चा राहिला की होतंय असं. तुमच्या धाकट्या पोरीला तरी आमच्याकडं पाठवा.”

“लई मनाला लावून घेतलं,” वीरण्णा सर म्हणाले.

राघवेंद्ररावांनी रुमालाआडूनच मान हलवली. मग दोघांनी त्यांना दोन्ही बाजूंनी धरून घरापर्यंत पोचवलं.