टॉवेल, टोपी आणि परराष्ट्र धोरण

सर्व संबंधितांस कळवण्यात येते, की भारताचे परराष्ट्र संबंध दिल्लीतून चालतात ही निव्वळ अफवा आहे. ते उंब्रजमधून चालतात. हायवेकडेच्या चहाच्या हॉटेलासमोर एक बाक आहे. तिथं आमचे शेजारी, निवृत्त सुभेदार तात्या, मांडीवर कापडी पिशवी घेऊन सकाळपासून हजर असतात.

पिशवीत टॉवेल, टोपी, नारळ. महाबळेश्वरला निघालेला, गोव्याला निघालेला किंवा नुसताच रस्ता चुकलेला कुणी परदेशी माणूस चहाला थांबला, की तात्या उठून त्याच्या डोक्यावर टोपी ठेवतात, खांद्यावर टॉवेल टाकतात, हातात नारळ देतात आणि मग विचारतात, "गाव कंचं?"

आधी सत्कार, मग चौकशी. मी शाळेत इंग्रजी शिकवतो, या गुन्ह्याबद्दल दुभाषा मी.

मागे सायकलवरून जग फिरणारं एक फ्रेंच जोडपं आलं. वजन नको म्हणून त्या पठ्ठ्यानं दात घासायच्या ब्रशची दांडीसुद्धा कापून टाकलेली. त्याला तात्यांनी चांगला शेंडीवाला नारळ दिला. तो केविलवाणं काहीतरी पुटपुटला.

"काय म्हंतोय, मास्तर?"

"एका बाजूला वजन होतंय म्हणतोय."

"मग आनि एक घे म्हणावं. दोनी बाजूला सारखं पडंल."

पुढचा प्रश्न ठरलेला. "ऊस हाय का तुमच्यात?" नाही, आमच्याकडे बीटापासून साखर करतात, असं तो म्हणाला. "बीटाची साखर? अरारारा!" मयताला आल्यासारखे तात्या त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

जोडपं गेल्यावर मी वैतागून म्हणालो, "आवं तात्या, लोक प्रवासाला निघालेत. कशाला त्यांच्या गळ्यात नारळ मारताय?"

तात्या पिशवीची घडी घालत म्हणाले, "विजूच्या लग्नात व्याह्याचा मान द्यायचा ऱ्हायला न्हवं."

विजू त्यांचा मुलगा. जर्मनीत नोकरीला, लग्नही तिथल्याच ॲनाशी, कचेरीत सह्या करून. तात्यांनी ते मोबाइलवर पाहिलं. मध्ये दोनदा रेंज गेली. तात्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकूंनी टाकलेल्या अक्षता मोबाइलवर पडल्या, पण व्याह्याला टॉवेल-टोपी मोबाइलवरून कशी द्यायची?

"त्या बाजूच्या कुनाला तरी दिली, म्हंजी जरा पोचल्यागत वाटतं."

"पण हा तर फ्रान्सचा होता!"

"शेजारचाच की रं!"

मागच्या महिन्यात विजूचा फोन आला. ॲना येतेय, आणि तिचे वडीलही येतायत. तात्यांनी बाक सोडला. कराडला जाऊन भारीतला टॉवेल आणला, टोपी बदलून फेटा आणला, दुकानातले सगळे नारळ कानाशी हलवून पाहिले. मला रोज बजावणं, "मास्तर, त्या दिवशी रजा टाका. पहिल्या भेटीत चूक नको. गेलेला मान परत भरून काढायचाय."

गाडी दाराशी आली. व्याही उतरले, चांगले सहा फूट, आणि तात्यांपेक्षा जास्त घाबरलेले. विजूनं बहुतेक सगळं शिकवून ठेवलं असावं, कारण ते तात्यांसमोर आले आणि गुडघे वाकवून डोकं पुढं करून उभे राहिले.

आणि जगाला गाव विचारणारे आमचे तात्या नेमकं गाव विचारायचंच विसरले. फेटा बांधला, टॉवेल टाकला, नारळ दिला. मी हळूच म्हणालो, "तात्या, ऊस विचारू का?"

तात्यांनी ऐकलंच नाही. आमच्याकडे लग्नात मुलाच्या बापानं छाती काढून उभं राहायचं आणि मुलीच्या बापानं हात जोडायचे, हा रिवाज. तात्यांनी तर त्यावरून भावकीच्या दोन लग्नांत भांडणं केलेली. तेच तात्या सगळ्या आळीदेखत हात जोडून वाकले आणि बोलून गेले, "पावणं, माझं पोरगं तुमच्या पदरात घातलंय. संबाळा."