ताटलीवाला धर्मा

आमच्या पेणला धर्मा आहे. त्याच्या पिशवीत कायम एक स्टीलची ताटली असते. कुणी कुत्र्याचं पिल्लू घ्यायचं म्हटलं की त्याला बोलावतात. तो पिल्लाच्या मागे जातो आणि ताटली फरशीवर टाकतो. जे पळून कोपऱ्यात दडतं ते नको. जे ढिम्म हलत नाही तेही नको.

"दचकाया पायजे," तो म्हणतो, "आन मग काय पडलं ते हुंगाया माघारी याया पायजे. असला जीव मानसात ऱ्हातो."

माणसांनाही तो सोडत नाही. पुतणीला बघायला मुलगा आला, तेव्हा पोहे खाता खाता यानं ताटली टाकली. मुलाच्या विजारीवर चहा सांडला, पण त्यानं वाकून ताटली उचलून दिली. धर्मा आत जाऊन म्हणाला, "द्या पोरगी." चांगलं चाललंय त्यांचं.

आमची ही गेली, त्यानंतर महिन्याभरानं धर्मा आला आणि माझ्या पाठीमागं ताटली टाकली. मी वळलोसुद्धा नाही. तो समोर येऊन बसला.

"तुला कुत्रा आनतो."

मी शिवी दिली. तो ऐकतो कशाला! रोह्याला त्याच्या बहिणीच्या गल्लीत कुत्री व्याली होती. मी म्हटलं, आणायचाच तर आत्ताच आण, कटकट मिटव.

"पाच आठवड्यांची हायेत ती. चावायचं नाय हे आईनं अजून शिकवलं नाय. तू शिकवनार काय?"

दोन महिन्यांची झाल्यावर आम्ही गेलो. एक पिल्लू भावंडांना तुडवत पुढं आलं. मला तेच आवडलं. "हा सरपंच हाय, नको," म्हणून धर्मानं बाजूला केलं. मळक्या मिठाच्या रंगाचं एक उचललं, उताणं धरलं. ते जरा वळवळलं, मग गप पडून त्याच्या तोंडाकडं बघत राहिलं.

"ह्यो."

नाव ठेवलं खाऱ्या. जन्मभर मिठागरात राबलेल्या दोघांना दुसरं काय सुचणार?

मुलगा-सून रोह्यालाच असतात. पिल्लू घेऊन तिकडं डोकावलो, ते चुकलं. सुनेला लहानपणी कुत्रा चावलेला, पोटरीवर अजून वण आहे. ती दारातच म्हणाली, "आबा, महिन्यानं आम्ही चिऊला घेऊन येतो. तिला नुसता दात लागला तरी कुत्रा जाणार. आणि तुम्ही घराला कुलूप लावून इकडं राहायला यायचं." मुलगा खाली बघत उभा. नात चिऊ दीड वर्षाची, दिसेल ते ओढणारी.

"महिना पुष्कळ," धर्मा गाडीत म्हणाला. "तीन-साडेतीन महिन्यांचा होईस्तवर जे बघल ते त्याचं. मग दार बंद." पण पेण येईपर्यंत बोटांवर दिवस मोजत होता.

लसीच्या सुया पुऱ्या होईतो जमिनीवर सोडू नका, असं डॉक्टर म्हणाले. मग मी त्याला कडेवर घेऊन पेणभर हिंडलो. एसटी स्टँड, मासळीबाजार, गणपतीचे कारखाने. तिथले कारागीर प्लास्टरनं पांढरेफटक, रंगाचं मशीन फुसफुसणारं. खाऱ्या माझ्या काखेत तोंड खुपसायचा.

"फुडं नको जाऊ. लांबून बघू दे. त्याला वाटल तवा दोन पावलं," धर्मा मागून सांगायचा.

पाचव्या दिवशी त्यानं कच्च्या गणपतीच्या सोंडेला नाक लावलं. कारखानदार ओरडला. धर्मा खूश.

रोज सकाळी सातला धर्मा नव्या सोंगात दारात. हेल्मेट घालून, छत्री उघडून, लंगडत. एकदा बहिणीचं लुगडं नेसून आला. शेजारीण म्हणाली, "अगो बाय, ही कोन?" खाऱ्या शेपूट हलवत राहिला. दचकलो मी. मग धर्मा बसून हळूच त्याचा कान ओढी आणि चिमूटभर सुकट देई. कान, सुकट. कान, सुकट.

महिना भरला, त्या रविवारी मुलगा-सून चिऊला घेऊन आले. सून चिऊला खाली ठेवीना. धर्मा म्हणाला, "घाई नको. त्यालाच येऊ द्या." तेवढ्यात चिऊ निसटली आणि थेट खाटेखाली. खाऱ्या तिथं झोपला होता. मागं भिंत, पळायला वाट नाही. तिनं दोन्ही मुठींत त्याचा कान धरला आणि ओढला.

खाऱ्या केकाटला. सून किंचाळली.

"कुनी हलू नका! पोरीला ओढू नका!"

खाऱ्यानं तोंड वळवलं. ते सुईसारखे दात तिच्या मनगटापासून बोटभर. खाऱ्या थांबला. मग त्यानं मान फिरवून धर्माकडं बघितलं. सुकट कुठाय?

धर्माच्या हातून सगळीच सांडली.

सुनेनं मनगट दोन्ही बाजूंनी तपासलं. उजेडात नेऊन पुन्हा तपासलं. मग डोळे पुसले आणि म्हणाली, "आबा, साखर कुठल्या डब्यात ठेवता? चहा टाकते."

दुपारच्या गाडीनं ती मंडळी गेली. धर्मा पायरीवर बसून राहिला.

"शिकवनी संपली म्हनायची."

"संपली."

"सगळी मानसं बघून झाली त्याची."

"झाली."

त्यानं चपला घातल्या, काढल्या, परत घातल्या. लग्न केलं नाही त्यानं. घरी चूल एकट्याचीच.

"म्हंजे उद्या सातला..." एवढं बोलून खाऱ्याच्या पाठीवरचा नसलेला गोचीड शोधायला लागला.

"सोंग नको," मी म्हटलं. "नुसता ये. चहाला."

"बघतो," म्हणाला.

पावणेसातलाच आला. दाढी केलेली, धुतलेला सदरा. पाहुण्यासारखा उंबऱ्याबाहेर उभा राहिला, मी आत ये म्हणेपर्यंत.