शेपटीवरचा लाल पट्टा

गाईच्या बीजांडकोशात काय चालले आहे, हे मला गाईपेक्षा अधिक समजते, असे माझे पदवीच्या दिवसापासूनचे मत होते. पुसेगावजवळच्या खेड्यात पशुवैद्य म्हणून आल्यावर मी ते लोकांनाही सांगू लागलो!

गोजरबाईंची तांबडी गाय माजावर येत नव्हती. लंपीच्या साथीत तिची आई मेली, तेव्हा बाईंनी तिला बाटलीने दूध पाजून जगवले होते. पण त्यांचे यजमान उत्तमराव निर्णय घेऊन बसले होते.

"पोळ्यापर्यंत थांबतो डाक्टर. मंग जवळा बाजारला इकायला नेतो. भाकड जनावर किती दिवस पोसावं?"

"पोळ्याच्या आत माज सापडेल. जबाबदारी माझी!" मी म्हणालो.

मग मी बाईंना शास्त्र समजावले. बीजांडकोशातली पुटिका वाढू लागली की तिच्यातून इस्ट्रोजेन रक्तात उतरते; ते चढले की गाय दुसऱ्या जनावरांना अंगावर चढू देते; मग मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीतून दुसरे संप्रेरक सुटते, पुटिका फुटते, बीज बाहेर पडते. त्यानंतर तिसऱ्या संप्रेरकाचे राज्य, आणि गाय शांत! ही गाय माजावर आली तरी हंबरत नसावी. म्हणून मी तिच्या शेपटीच्या मुळाशी लाल रंगाचा पट्टा ओढला.

"हा रंग फार महत्त्वाचा आहे," असे बजावून उरलेल्या रंगाची डबी गोठ्यातच ठेवली.

"व्हय," बाई म्हणाल्या. तेवढे मला पुरेसे वाटले.

पुढच्या भेटीत पट्टा जसाच्या तसा होता. म्हणजे तो पुसला जाईल असे अंगावर कोणी चढले नव्हते. म्हणजे माज नव्हता! मी क्षारमिश्रण दिले. त्याच्या पुढच्या भेटीत तर पट्टा अधिकच तेजस्वी दिसला. मी रंगाच्या टिकाऊपणाची मनापासून स्तुती केली. बाई पदर सावरत अशा लाजल्या, जणू त्यांच्या पुरणपोळीचे कौतुक चालले होते. हात घालून तपासले, तेव्हा बीजांडकोश व्यवस्थित काम करत असल्याचे बोटांना जाणवले. पण रंग खोटे बोलणार नाही, म्हणून मी बोटांवर अविश्वास दाखवला!

"पुटिका वाढतच नाही," मी अतिदक्षता विभागाबाहेर उभे राहून सांगावे तसे सांगितले. बाई खाली बसल्या.

पोळा झाला. बाजाराच्या सकाळी मी शेवटचे इंजेक्शन घेऊन पोहोचलो, तर दारात शेजारच्या मोहियोद्दीनभाईंचा टेम्पो उभा होता. उत्तमराव दावे सोडत होते. आणि गोजरबाई डोळे पुसत, डबीत बोट बुडवून गाईच्या शेपटीवर नवा पट्टा ओढत होत्या!

"बाई! हे काय करताय?"

"पुसलं होतं जी सकाळी. सासरी धाडाची लेक, तिला काय मोकळ्या कपाळानं धाडू?"

"पुसले? कशाने?"

"मोहियोद्दीनभाईची कालवड अंगावर चढून राहिली, ही गुमान उभी! मागंबी असंच पुसलं होतं. मी लगेच लावलं. तुमी इतक्या मायेनं लावलेलं मी पुसलेलं ठेवीन व्हय?"

"मला सांगितले का नाही?"

"तुमी इचारलं कुठं? तुमी तर रंगाची तारीफ करून जात होते."

मोहियोद्दीनभाईंनी टेम्पो बंद केला. "डाक्टरसाब, म्हंजे गाय बराबर होती?"

"गाय बरोबर होती," मी म्हणालो. आणलेले इंजेक्शन मी गुपचूप पिशवीत परत टाकले.

सकाळचा माज, म्हणून कृत्रिम रेतन संध्याकाळी करायचे होते. उत्तमरावांचा विचार बदलू नये म्हणून मी दिवसभर गोठ्याच्या उंबऱ्यावर बसून राहिलो. काम आटोपल्यावर ते म्हणाले, "ठीक हाय. तुमची तपासणी होईस्तोवर थांबतो. गाभण नसली, तर मी तुमचंबी ऐकणार न्हाई."

ते दोन-तीन महिने माझे जेवण धड झाले नाही. अखेर तपासणीचा दिवस आला. या वेळी मी बोटांवर विश्वास ठेवला.

"गाभण आहे!"

उत्तमरावांनी हातातले दावे खुंटीला अडकवले. गोजरबाईंनी गाईच्या मानेला मिठी मारली. बऱ्याच वेळाने त्यांनी कोनाड्यातून डबी काढली.

"आता लावलं तर चालंल?"

"आता खुशाल लावा," मी गहिवरून म्हणालो.

त्यांनी क्षणभर विचार केला आणि डबी माझ्यापुढे धरली.

"नको. तुमीच लावा. मी लावलं की तुमाला वळखू येत न्हाई."