गफूरनं पास केलेला पडदा

आमच्या धामणगाव बढ्यात गफूरले चहा पाजणाऱ्यानं आधी विचार करावा. तो कप लगेच तोंडाले लावत नाही. शर्टाच्या खिशातून कापसाचा एक फाया काढतो, कपाच्या बाजूले धरतो, दोन्हीकडं बारीक पाहतो आन म्हणतो, "दूध कमी हाय." मंग पितो. एकदा सोयरीक पाह्यले गेला, तं नवरदेवाच्या दाताजवळ फाया नेला. लग्न मोडता मोडता राह्यलं.

गफूर कापूस खरेदीवर ग्रेडर होता. गाडीत खोल हात घालायचा, मूठभर कापूस उपसायचा, उत्तरेकडं तोंड करून उजेडात धरायचा आन सांगायचा, पांढरा का कवडी. कवडी म्हणजे पिवळा पडलेला माल. सख्ख्या साळ्याची गाडी त्यानं कवडी म्हणून वापस पाठवली. सासरवाडीचं बोलणं बंद झालं ते झालंच. पुढं बीटीचं बियाणं आलं, व्यापारी घरूनच माल उचलायले लागले, जिनिंगमंधी मशीन बसली. गफूरच्या नजरेचं काम सरलं. खोड काही सरली नाही.

माझं सांगायचं तं शाळा चौथीत सुटली. पोरगा पुण्याले नोकरीवर गेला तवा त्याचा जुना कम्प्युटर घरीच टाकून गेला, डब्ब्यासारख्या ढेरपोट्या पडद्याचा. त्यात पोरीच्या लग्नाची फिलिम आहे. माझी बायको सुमन त्यात फिरते, वाढते, माझ्यावर डाफरते. गेल्या पोळ्याच्या आधी ती गेली. तवापासून मी रोज दुपारी फिलिम लावतो. ती होती तवा मले माउस धरता येत नव्हता. ती हसायची, म्हणायची, "वखर धरल्यासारखा काऊन धरता?" ती गेल्यावर शिकलो. माझी सगळी अक्कल अशीच उशिरा येते.

एका दुपारी गफूर घरात आला तं माझे डोळे गळत होते. सत्तरीच्या माणसानं लंगोटीयाराले कसं सांगावं, मी रडून राह्यलो म्हणून? मी म्हटलं, "हा पडदा डोयाले लय लागते बे."

गफूरनं पडद्याकडं पाह्यलं, माझ्याकडं पाह्यलं.

"लागतच असन," म्हणे. "बदलू."

मले वाटलं थाप मारून सुटलो. उलटा अडकलो. दुसऱ्या दिवशी सकाळीच गडी धुतलेले कपडे घालून दारात.

मलकापूरच्या कम्प्युटरवाल्या दुकानदारानं विचारलं, "किती इंची दाखवू, काका?"

"इंची राहू दे. पडदा कोरा कर."

त्यानं कोरा केला. गफूरनं फाया काढून काचेजवळ धरला. "इतका पांढरा कापूस कोण्याच जमिनीत येत नाही. काहीतरी मारलं हाय याच्यात. तुमची उत्तर कोणती?"

"काय कोणती?"

"उत्तर दिशा. ट्यूबलाइटखाली माल पाहत नसतात."

उत्तरेले त्या दुकानाची मोरी होती. तिथल्या दारात पडदा नेऊन ठेवला आन मागून वायर मी धरून उभा. येणारे-जाणारे विचारून राह्यले, काय विकता म्हणून. मीही कमी नाही. आपल्याले काही कळत नाही असं दिसू नये म्हणून पडद्याले मागून बैलासारखं थोपटलं आन विचारलं, "तापट तं नाही ना?" दुकानदारानं आम्हाले चहा पाजला, तो आम्ही लवकर जावं म्हणून. गफूरनं कपाजवळ फाया धरला. मंग आम्हाले खरंच जावं लागलं.

बुलडाण्याच्या दुकानात एक बाई होती. तिनं आमचं शांतपणे ऐकलं. म्हणाली, "बाबा, चकचकीत काच घेऊ नका, मागच्या खिडकीचा उजेड तिच्यावर दिसते आन डोळे ताणतात. हा बिनचमकीचा पाहा. नजरेच्या जरा खाली ठेवा, हातभर दूर बसा. आन निळा उजेड लागत असन तं असा कमी करा." तिनं काहीतरी दाबलं आन पडदा पिवळसर झाला, दिवाळीच्या पणतीसारखा.

मले बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. थापेचाही कधी कधी फायदा होतो.

गफूरनं फाया धरला आन स्टुलावर बसला.

"ही तं कवडी हाय."

"डोळ्याले आराम याच्यातच आहे, चाचा."

"बाई, जिंदगीभर मी हा माल वापस केला."

तो उठून बाहेर गेला. रस्त्यावर कापसाचं एक पिकअप उभं होतं. त्या साली बीटीतही गुलाबी अळी निघाली होती, गाडीत सगळा पिवळा, किडका माल. गफूर त्याच्याजवळ उभा राह्यला. हात लावला नाही. मंग आत आला.

"नामदेवा, तुह्या डोयाले कसा वाटते?"

"चांगला वाटते."

"मंग पास."

त्याच्या साळ्याले जे भेटलं नाही ते मले भेटलं.

घरी आणून गफूरनंच वायरी जोडल्या, बाई म्हणाली तसा पडदा खाली ठेवला, मले हातभर दूर बसवलं. फिलिम लावली. त्या उजेडात सुमनचा हिरवा शालू जरा मेथीच्या भाजीवानी दिसला. ती मांडवातून आली, सगळ्या याह्या-पाहुण्यांसमोर मले म्हणाली, "अहो, टोपी सरळ करा." माझे डोळे पुन्हा गळायले लागले. आता कोणाचं नाव सांगावं? पडदा नवा, खुद्द गफूरनं पास केलेला.

मी म्हटलं, "गफूर, पडद्याचं काही नाही बे."

"मालूम हाय."

"कवापासून?"

"त्या दिवशी तू पडदा लागते म्हणला, तवा लाइन गेली होती. पडदा कायाकुट्ट. तू तसाच पाहून राह्यला होता."

मले लाइन गेल्याचं आठवतच नव्हतं.

"मंग मलकापूर, बुलडाणा कायले हिंडवलं मले?"

"तू घरातून निघाला असता का, मी नुस्ता चाल म्हणलो असतो तं? आन मले तरी कोण बोलावते आता, हे पाह्य, ते पाह्य म्हणून. तू बोलला. मले वाटलं, चला, काहीतरी पाह्यले भेटलं."

फिलिममंधी पंगत बसली होती. गफूर रांगेत, ताटावर दोन्ही हात आडवे धरून नाही-नाही म्हणत, आन सुमन त्याच्या बोटांवरच जिलबी ठेवून पुढं गेली.

गफूरनं खुर्ची माझ्याजवळ ओढली.

"मांगं घे जरा," म्हणे. "वहिनी मले वाढते, तिथून लाव."

मी माउस धरला. वखरासारखाच ओढला, लय मांगं गेलं, पार हळदीपर्यंत.

"राहू दे," गफूर म्हणाला. "पंगत येईन बराबर."